थ्वेटबाईंच्या घरावर कुणाचा डोळा?

"मला वेड लागलेलं नाही," एनिडबाई थ्वेट म्हणाल्या आणि लगेच दाराकडे बघू लागल्या. "म्हणजे, गेल्या महिन्यापर्यंत तरी हे मी छातीठोकपणे सांगत होते."

त्यांचा आवाज इतका दबलेला होता की बर्नार्ड हॉयलला पुढे वाकावं लागलं. वाकताना खुर्ची करकरली. बाई दचकल्या.

"घरात आत्ता कोण आहे?" हेस्टर पिकल्सने विचारलं.

"कुणी नाही. लेन लायब्ररीत गेलाय. माझा धाकटा भाऊ. त्याला म्हटलंय, जुन्या ओळखीच्या बाई चहाला यायच्यात. डिटेक्टिव्ह बोलावली म्हटलं असतं तर तोही म्हणाला असता, ताईचं डोकं फिरलं."

हेस्टरने मान हलवली. उत्तरेकडच्या हेदरक्लफ गावच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, तिने उभी हयात काढली होती. म्हाताऱ्या माणसांना घरपोच मदत हवी असेल तर त्यांनी स्वतःच्या खिशातून किती द्यायचं, हे ठरवणारं तिचं खातं. निवृत्त झाल्यावर लोकरीच्या दुकानावरच्या खोलीत तिने खासगी डिटेक्टिव्हची पाटी लावली. बर्नार्ड आधी बस चालवायचा. आता हेस्टरची गाडी चालवतो आणि सरळमार्गी माणसाला पडतील ते प्रश्न विचारतो.

"पहिल्यापासून सांगा," हेस्टर म्हणाली.

एनिडबाईंनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. गेल्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. तेव्हापासून कौन्सिलतर्फे सकाळ-संध्याकाळ मदतनीस येत असे. अंघोळ, कपडे, जेवण. बराचसा खर्च कौन्सिल सोसत होतं. बाई खूश होत्या. ज्या घरात लग्न होऊन आल्या त्याच घरात राहायला मिळत होतं.

"आणि मग एकेक सुरू झालं. दूध जळालं. मला आठवेना, मी कधी ठेवलं. मग एका सकाळी मागचं दार सताड उघडं, आणि माझ्या सपाता ओल्याचिंब. सगळे म्हणाले, तू रात्री अंगणात भटकलीस. तेव्हापासून मी गाऊनच्या पट्ट्याने पाय पलंगाला बांधून झोपते, पोरी. उठलेच तर कळावं म्हणून."

बर्नार्डने नजर वळवली.

"आणि परवा बटाट्याचे चिप्स तळायची कढई. जेवणानंतर मला डुलकी लागली. जाग आली ती धुराने. गॅसवर कढई, खाली जाळ पेटलेला. लेन वरून धावत आला म्हणून घर वाचलं." त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. "उद्या कौन्सिलच्या बाई येणार आहेत. इथे राहणं माझ्या जिवाला धोक्याचं आहे असं त्यांना वाटलं, तर मला वृद्धाश्रमात हलवतील. मी वेडी झाले असेन तर झाले. पण झाले नसेन, तर हे कोण करतंय?"

"तुमच्या घराच्या किल्ल्या कुणाकडे?"

"लेनकडे. माझ्या लेकीकडे, जिलियनकडे. आणि मदतनीस पोरीसाठी दाराबाहेर पेटीत एक असते. बस."

स्वयंपाकघरात पाऊल टाकताच बर्नार्डच्या तोंडातून वाफ निघाली. एनिडबाई एकाच खोलीत हीटर लावत. सध्याच्या बिलांत गावातली निम्मी म्हातारी माणसं तेच करत होती. फडताळावर धुराने काळवंडलेली कढई होती. हेस्टरने कान धरून ती कलती केली.

"जपून!" बर्नार्ड ओरडला. "बाहीवर सांडेल ना!"

हेस्टरने कढई सरळ केली. "ही कढई नेहमी इथेच असते, बाई?"

"छे! झटक्यानंतर जिलियनने घासूनपुसून वरच्या कपाटात टाकली होती. म्हणाली, आता चिप्स तळायचं नाव काढायचं नाही. तीच खाली निघाली, म्हणून तर मला धडकी भरली. मीच काढली असणार ना?" त्या खुर्चीला धरून उभ्या होत्या. "अहो, तुम्ही उपाशी दिसताय. ब्रेड आणि ड्रिपिंग खाणार का?"

बर्नार्डला नाही म्हणवेना. ड्रिपिंग म्हणजे भाजलेल्या गोमांसाची निथळलेली चरबी. तिच्यावर तो लहानाचा मोठा झाला होता. फ्रिजशेजारच्या वाडग्यात ती मेणासारखी पांढरी, घट्ट बसली होती. सुरी आत घालायला त्याला मनगटाचा जोर लावावा लागला.

"आमच्या घरात दुसरं काही शिजवायला वापरलंच नाही कधी," बाई म्हणाल्या. "ते पलीकडचं कपाट लेनचं. त्याच्या डाळी, त्याचं तेल, ते सोयाचं काहीतरी. तो मांसाला शिवत नाही."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

लेनर्ड उंच, मऊ बोलणारा, गळ्यात मफलर गुंडाळलेला माणूस होता. त्याने आधी बहिणीच्या खांद्यावर शाल नीट केली, मग पाहुण्यांना हात पुढे केला.

"ताई, उभी कशाला राहिलीस? आणि त्या कढईला कुणी हात लावू नका हं, प्लीज. उद्या सोशल वर्करना जशी आहे तशीच दाखवायचीय. मला आवडतं का हे? पण लपवलं आणि उद्या काही झालं, तर स्वतःला माफ करू शकणार नाही मी."

"तुम्ही कायमचे इथेच राहता?" हेस्टरने विचारलं.

"वसंतापासून. दक्षिणेत समुद्रकाठी माझा फ्लॅट होता, भाड्याचा. अख्खं तारुण्य तिथेच गेलं. सोडून आलो. आई माझ्या लहानपणीच खचली होती, ताईनेच मला वाढवलं. आता ताईला गरज आहे."

सगळे पुढच्या खोलीत आले. शेकोटीवरच्या फळीवर वाढदिवसाचं एक कार्ड होतं. त्यावर सोनेरी साठ.

"ते काढ म्हटलं तरी काढत नाही ही," तो हसत म्हणाला. "मार्चमध्ये साठी लागली. म्हणते, माझ्या बाळाची साठी!"

"बाळच तू," एनिडबाई म्हणाल्या, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल पडला.

संध्याकाळी मदतनीस आली. रुटेंडो तिचं नाव. झिंबाब्वेहून आलेली, उंचीला बेताची, बोलायला खणखणीत. हेस्टरने तिला दारातच गाठलं.

"मला माहितीये, सगळे माझ्याकडे बोट दाखवणार," रुटेंडो म्हणाली. "कढई पेटली तेव्हा मी नुकतीच बाहेर पडले होते. माझ्या साहेबाने बोलावून झापलं. म्हणे, गॅस बघून निघत जा. अहो, मी गॅसला हात लावते कुठे? आम्हाला फक्त मायक्रोवेव्हची परवानगी! आणि ही आजी वृद्धाश्रमात गेली तर माझ्या दोन फेऱ्या बुडतात. फेरीवर पगार असतो माझा."

"ओल्या सपाता तुम्हाला सापडल्या?"

"हो. दाराशी जोडीने ठेवलेल्या. मीच रेडिएटरवर वाळवल्या."

"आणि घासल्या?"

"घासायचं काय त्यात? स्वच्छ होत्या." रुटेंडो हातमोजे चढवत आत गेली. "आजी, आज गाठ मारू देणार नाही मी! आणि पुन्हा पाय बांधलेला दिसला तर माझ्याशी गाठ आहे!"

निघताना बर्नार्डने मागच्या अंगणात डोकावलं. कुजलेली पानं, शेवाळ, चिखल. त्याच्या बुटाला बोटभर राड लागली, आणि गाडीत बसताना हेस्टरने त्याला कागदावर पाय ठेवायला लावले.

जिलियनचं फिश अँड चिप्सचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दारावर पाटी: आमचं सगळं अस्सल ड्रिपिंगमध्ये तळलेलं. काउंटरमागे लाल चेहऱ्याची, थकलेली बाई एका हाताने मासे पलटत होती आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकांच्या चिप्सवर मीठ भुरभुरत होती.

"आईने डिटेक्टिव्ह लावली?" तिने झारा आपटला. "वा! म्हणजे आता मी संशयित!"

"आईने विकावं घर, असं तुम्ही म्हणता म्हणे," हेस्टर म्हणाली.

"म्हणते की! रोज म्हणते! कौन्सिलचा माणूस दारात आला की प्रत्येक फेरीला घराची एक वीट जाते. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आई मेली की कौन्सिल सगळ्या फेऱ्यांचं बिल घरावर लावणार. माझ्या बाबांनी गिरणीत फुप्फुसं घालवून घेतलेलं घर आहे ते! म्हणून सांगते, गिळून टाकायच्या आत विका. माझ्याकडे खालची खोली रिकामी आहे. मीच बघेन तिला. आई जवळजवळ तयार झाली होती. आता ही भानगड! आता सगळे म्हणतात, तिला माझ्याच्यानेही सांभाळणं होणार नाही, वृद्धाश्रमच हवा."

"आणि तुमचे मामा काय म्हणतात?"

"मामा?" जिलियनने नाक मुरडलं. "दक्षिणेत भाडं थकलं म्हणून इकडे आलाय, आणि मला धीर देतो. 'जिल, काळजी नको करू, ताई वृद्धाश्रमात गेली तरी घर कुठे जात नाही.' पुरुषांचं काय जातं असं बोलायला? व्हिनेगर हवं का?"

शेवटचा प्रश्न बर्नार्डला होता. त्याला हवं होतं.

गाडीत चिप्सचा घमघमाट सुटला होता. बर्नार्डने एक चिप उचलली आणि परत कागदात ठेवली. पलंगाला बांधलेला तो पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"जिलियनच," तो म्हणाला. "आईला घाबरवायचं. घाबरली की म्हातारी घर विकून लेकीकडे येणार. किल्ली आहे, कढई कुठल्या कपाटात आहे हे ठाऊक आहे, आणि घरावर डोळा तर उघड उघड आहे."

"उघड आहे हे खरं."

"मग?"

"बर्नार्ड, घरात राहून मदत घेणाऱ्याचं राहतं घर कौन्सिल हिशेबात धरतच नाही. एकसुद्धा वीट जात नाही. मेल्यावरही बिल येत नाही. या गावात पाचातल्या चौघांना हे माहीत नसतं. मी काउंटरवर बसून सांगून सांगून थकले, लोक कौन्सिलपेक्षा गल्लीवर विश्वास ठेवतात."

"आणि वृद्धाश्रमात गेलं तर?"

"मग धरतात. पण सरसकट नाही." तिने खिडकीची काच पुसली. "मला एकच विचार छळतोय. उद्याच्या बाई नियमाने चालणाऱ्या आहेत. पेटलेल्या कढईपुढे नियम काय सांगतो ते मला पाठ आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही एनिडबाईंना हलवलंच असतं."

सोशल वर्कर रुखसाना मलिक दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा सगळे पुढच्या खोलीत बसले होते. एनिडबाईंनी सणासुदीचा निळा पोशाख घातला होता आणि डावा हात उजव्या हातात घट्ट धरून ठेवला होता. जिलियन दुकान बंद ठेवून आली होती. दाराशी रुटेंडो उभी.

लेनर्डने कढई आणून टेबलावर ठेवली. सावकाश, दोन्ही हातांनी, काहीतरी जड असल्यासारखी.

मलिकबाईंनी ती पाहिली, खाली वाकून काळवंडलेला काठ पाहिला. "एनिड, मला हे बोलताना फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण दार उघडं, ही आग... रात्री इथे तुमच्याजवळ जागं असं कुणीच नसतं. मला वाटतं, आता वृद्धाश्रमाचं बघायला हवं."

एनिडबाईंची हनुवटी खाली गेली. बर्नार्डने हेस्टरकडे पाहिलं. तिने बोलावं म्हणून तो मनातल्या मनात आकांताने ओरडत होता.

"मग घर विकायला काढावं लागेल," हेस्टर शांतपणे म्हणाली. "वृद्धाश्रमाचा खर्च त्यातूनच भागायचा. लेनर्ड, तुम्हीही नवी जागा शोधायला लागा. ही जागा महिन्याभरात रिकामी करावी लागेल."

"नाही, तसं नाही," लेनर्ड घाईने म्हणाला. "विकावं लागत नाही. साठी पूर्ण झालेला नातेवाईक आधीपासून त्या घरात राहत असेल, तर ते घर कौन्सिल मोजत नाही. आणि ताई जायच्या आधीपासूनच मी इथे..."

त्याने जिलियनकडे पाहिलं.

"अगदी बरोबर," मलिकबाई म्हणाल्या. "पण हा नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो."

"मामा?" जिलियन म्हणाली. "तुला हे माहीत होतं? मी रात्ररात्र तळमळतेय, आणि तू नुसतं 'काळजी नको करू' म्हणून गप्प बसलास?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही कौन्सिलमध्ये विचारायला गेला असतात," हेस्टर म्हणाली, "आणि तिथे तुम्हाला दुसरीही गोष्ट कळली असती. आई घरीच राहिली तर घराला काहीच धोका नाही, ही. मग आईच्या मागचा 'विकून टाक'चा लकडा थांबला असता. खरं तर तेवढ्यानेच लेनर्ड यांचं इथलं राहणं टिकलं असतं. पण त्यांना अर्धाच नियम माहीत होता. स्वतःच्या फायद्याचा."

लेनर्डने मफलर सैल केला.

"आता कढई." हेस्टरने स्वयंपाकघरातून ड्रिपिंगचं वाडगं आणून कढईशेजारी ठेवलं. "दोन्ही त्याच थंडगार स्वयंपाकघरात होती. मलिकबाई, वाडगं उपडं धरा."

त्यांनी धरलं. पांढरा गोळा जागचा हलला नाही.

"आता कढई जरा कलती करा. हळू."

आतलं पिवळं पातळ काठाकडे ओघळलं.

"ड्रिपिंग थंडीत गोठतं. हे गोठलं नाही, कारण हे तेल आहे. एनिडबाईंच्या हातून कढई गॅसवर राहिली असती तर तिच्यात ड्रिपिंग असतं. माणूस दिवस विसरेल, वार विसरेल, पण जन्मभर ज्यात तळलं ते सोडून दुसऱ्याच्या कपाटातून बाटली काढून आणणार नाही. जिलियनचा तर धंदाच ड्रिपिंगचा. रुटेंडो?"

"मी रोज संध्याकाळी तेच ब्रेडला लावते," रुटेंडो म्हणाली. "आजीच्या जेवणाचं ढोंग करायचं झालं तर मीही तेच घेतलं असतं. शिवाय माझा धंदा का बुडवू?"

"ज्याला चिप्स म्हणजे तेलातच असं वाटतं, असा या घरात एकच माणूस आहे. दक्षिणेत, जिथे चिप्स तेलातच तळतात, तिथे राहिलेला. शाकाहारी." हेस्टरचा आवाज चढला नाही. "सपातांचंही तेच. त्या अंगणात दोन पावलं टाकली तर बूट राडीने भरतात. या सपाता भिजलेल्या होत्या आणि स्वच्छ होत्या. त्या नळाखाली धरल्या होत्या."

"पण का?" बर्नार्डच्या तोंडून निघून गेलं. "राहत तर होताच की तो इथे. फुकट."

"बहीण लेकीकडे गेली, तर घर विकलं जाणार आणि लेनर्ड रस्त्यावर. बहीण वृद्धाश्रमात गेली, तर कौन्सिल घराला हात लावणार नाही आणि लेनर्ड तिथेच. एनिडबाई जवळजवळ तयार झाल्या होत्या, असं जिलियन म्हणाल्या. त्यानंतरच दूध जळायला लागलं. हो ना, बाई?"

एनिडबाईंनी मान हलवली. त्या भावाकडे बघत होत्या.

"आगीची भीती नव्हती, ताई," लेनर्ड म्हणाला. आता तो फक्त तिच्याशीच बोलत होता. "मी तिथेच उभा होतो. धूर झाला की लगेच गॅस बंद करणार होतो. केला पण. तुला काही होऊ दिलं असतं का मी? तिथे बरं असतं गं, नर्स असतात, उबदार असतं... मी रोज आलो असतो भेटायला."

"पाय बांधून झोपत होते मी, लेन," एनिडबाई म्हणाल्या. "तू वरच्या खोलीत होतास."

तो वळला आणि जिना चढून गेला.

मलिकबाईंनी कढई दूर सारली. "एनिड, इथे असुरक्षित असं काही असेल तर ते वर गेलं," त्या म्हणाल्या. "मदत आहे तशीच चालू राहील. हवी तर वाढवून देऊ. आणि जिलियन, घराची एकही वीट जाणार नाही. हे मी तुम्हाला आजच सांगते, पुन्हा गल्लीत विचारू नका."

जिलियन ढसढसा रडायला लागली. "मी विकायचं बोललेच नसते तर हे झालंच नसतं. आई, एकदा, फक्त एकदा जाऊन विचारायला हवं होतं गं मी."

रुटेंडोने एनिडबाईंच्या पाठीवर हात ठेवला. "बघा, आजी. डोकं शाबूत आहे तुमचं."

"हो," एनिडबाई म्हणाल्या. "रोज देवाकडे तेवढंच मागत होते. डोकं शाबूत असू दे." त्यांनी निळ्या पोशाखाची सुरकुती सरळ केली. "आता वाटतंय, दूध मीच जाळलेलं असतं तर बरं झालं असतं."

डोक्यावर पावलं इकडून तिकडे गेली, कपाटाचं दार वाजलं. प्रत्येक आवाजाला बाईंची नजर छताकडे जात होती.

"जिलियन, वर जा," शेवटी त्या म्हणाल्या. "कुठे जाणार आहे विचार त्याला. आणि म्हणावं, खाऊन जा काहीतरी. त्याच्या डाळी आहेत तिकडे."

जिलियनने डोळे पुसले, पण ती जागची हलली नाही.

"मी जाणार नाही, आई."

म्हाताऱ्या बाईंनी लेकीवरून नजर काढली आणि एकेकाकडे पाहिलं. हेस्टरने खाली मान घातली. मग बर्नार्डच उठला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याने कठडा धरला, तेवढ्यात वर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. वर जाऊन नेमकं काय बोलायचं, हे त्याने ठरवलंच नव्हतं. तो चढू लागला.